सासूबाईंना एकटीने चालवता येईल असा होम थिएटरचा एकच रिमोट, कोणता घ्यावा?

कडकभाकरी (जुळे सोलापूर)

प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

हॉलमध्ये सोनीचा ५५ इंची गुगल टीव्ही आहे. खाली यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ रिसीव्हर (स्पीकरांचा आवाज याच्यातूनच येतो), डीटीएचचा एचडी बॉक्स, फायर टीव्ही स्टिक आणि सोनीचाच एक ब्लू-रे प्लेअर, ज्याला यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. सगळं रिसीव्हरला जोडलंय आणि रिसीव्हरमधून एकच एचडीएमआय वायर टीव्हीला गेलीय. पाच वस्तूंचे पाच रिमोट शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीत उभे असतात. पाचही काळे.

यांचं काम अक्कलकोट रोड एमआयडीसीत, रात्री नऊच्या आत घरी येणं नाही. माझे सात ते साडेआठ क्लास. आणि सासूबाईंची मालिका बरोबर सातला. वय ७४, डोकं एकदम तल्लख, पण या बरणीपुढे हात टेकलेत. मी दहावीच्या पोरांना भूमिती शिकवत असते आणि फोन वाजतो: "अगं, बाई दिसायलीय पण बोलंना." म्हणजे रिसीव्हर बंद. नाहीतर "बोलायलीय पण दिसंना." म्हणजे टीव्ही बंद. कधी दोन्ही चालू, पण रिसीव्हर भलत्याच इनपुटवर.

उपाय म्हणून मी प्रत्येक रिमोटच्या पॉवर बटणावर लाल नेलपेंटचा ठिपका दिला. आता त्या पाचही ठिपके ओळीने दाबतात. जे बंद होतं ते चालू होतं, जे चालू होतं ते बंद. लाइट जाऊन आली की आणखी गोंधळ, कारण बॉक्स आपोआप सुरू होतो आणि टीव्ही-रिसीव्हर झोपलेलेच राहतात.

डोक्यात तीन पर्याय आहेत. नवी पेठेतल्या एका दुकानात "ऑल इन वन" रिमोट दाखवला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सगळ्याला चालतो," पण फायर स्टिकचं विचारल्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. दुसरा, पुण्यात एक जण वापरलेला लॉजिटेक कंपनीचा हार्मनी रिमोट नऊ हजारांना देतोय, भाऊ हुतात्मा एक्सप्रेसने येताना घेऊन येईल. तिसरा, वायफायवर चालणारा आयआर ब्लास्टर, म्हणजे रिमोटसारखे इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे) इशारे सोडणारी डबी, सगळं मोबाइलच्या ॲपवरून. पण सासूबाईंचा फोन बटणांचा आहे आणि तो बदलायची त्यांची तयारी नाही.

पैसे खर्च करायला हरकत नाही, पण वाया जायला नकोत. काय घेऊ?

---

विजापूररोडवाला

नवी पेठेतलाच घ्या की. आमच्याकडं टीव्ही आणि बॉक्स दोन्ही त्याच्यावरच चालतंय, काय अडचण नाही. रिसीव्हर मात्र आमच्याकडं नाही. नऊ हजारात नवीन साउंडबार येतोय ओ.

---

सोल्डरगन (होटगी रोड)

ताई, डिश, सीसीटीव्ही आणि स्पीकर फिटिंगचंच काम करतो, त्यामुळं थोडं सविस्तर लिहितो. रिमोट कुठला घ्यायचा ते नंतर बघू. आधी बरणीतला एकेक रिमोट उचला, त्याचं टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. मागचा कॅमेरा नको, त्याच्यात बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो. स्क्रीनवर जांभळट दिवा लुकलुकला तर ते बटण इन्फ्रारेडवर चालतंय. फायर स्टिकच्या रिमोटवर गंमत दिसेल. पॉवर, आवाज आणि म्यूट दाबल्यावर दिवा लागेल, बाण दाबल्यावर लागणार नाही. ती दोन-चार बटणं टीव्ही किंवा रिसीव्हरसाठी इन्फ्रारेड आहेत, बाकी सगळा कारभार ब्लूटूथवर. स्टिकला इन्फ्रारेड पकडणारा डोळाच नाही. म्हणून तो "ऑल इन वन" स्टिकला जन्मात चालवणार नाही. दुकानदार वळला ते बरोबरच वळला.

आता तुमचा खरा आजार. टीव्ही आणि बॉक्सच्या रिमोटवरचं पॉवरचं बटण आळीपाळीनं चालू-बंद करतंय. इन्फ्रारेड रिमोट फक्त सांगतो, समोरचा काय स्थितीत आहे ते त्याला कळत नाही. तुम्ही कितीही भारी प्रोग्रॅमेबल रिमोट आणून एका बटणावर "टीव्ही चालू, रिसीव्हर चालू, बॉक्स चालू" अशी माळ लावली, तरी लाइट जाऊन आल्यावर बॉक्स आधीच चालू असणार आणि ती माळ त्याला बंद करणार. सासूबाई जे पाच रिमोटनं करतात तेच हा एका बटणात करेल. म्हणून असं बटण शोधायचं, जे दहा वेळा दाबलं तरी काही उलटं होणार नाही.

आणि ते तुमच्या घरात आहे. यामाहाच्या रिमोटवर "सीन" नावाची चार बटणं आहेत बघा. बॉक्स ज्या एचडीएमआयला जोडलाय ते इनपुट रिसीव्हरवर लावा, आवाजाचा प्रकार साधा ठेवा (मालिकेला स्टेडियमचा घुमारा नको) आणि सीनमधलं "टीव्ही"चं बटण दाबून धरा. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर "सेट कम्प्लीट" आलं की सोडा. इथून पुढं ते बटण दाबलं की रिसीव्हर झोपलेला असला तर उठतो आणि थेट बॉक्सवर जातो. आधीच बॉक्सवर असला तर गप बसतो. बहुतेक गिऱ्हाइकांच्या रिमोटवर ही बटणं कोरी करकरीत असतात, कुणी हातच लावत नाही.

दुसरी फुकटची गोष्ट सीईसी. एचडीएमआय वायरमधली १३ नंबरची पिन याच कामाची आहे, तिच्यावरून वस्तू एकमेकांना निरोप देतात. सोनी त्याला ब्राव्हिया सिंक म्हणतं, सॅमसंग एनीनेट प्लस, एलजी सिंपलिंक. माल तोच. टीव्हीत, यामाहाच्या "एचडीएमआय कंट्रोल"मध्ये आणि स्टिकच्या सेटिंगमध्ये, तिन्हीकडं चालू करा. वायर टीव्हीच्या ज्या सॉकेटवर "एआरसी" किंवा "ईएआरसी" लिहिलंय त्याच्यातच पाहिजे, शेजारच्यात नको. हे जमलं की टीव्हीच्या रिमोटनं रिसीव्हरचा आवाज कमी-जास्त होईल, टीव्ही बंद केला की रिसीव्हरही बंद होईल आणि टीव्हीच्या बाणांनी स्टिक चालेल. डीटीएचचे बॉक्स मात्र सीईसीला बहुतेक भीक घालत नाहीत.

मग सासूबाईंच्या हातात काय द्यायचं? डीटीएचचाच रिमोट द्या. चॅनेलचे आकडे त्यांना त्याच्यावरच पाठ असणार. अशा बऱ्याच रिमोटवर टीव्हीसाठी वेगळी बटणं असतात, म्हणजे पॉवर, आवाज, सोर्स, आणि ती दुसऱ्या रिमोटकडून शिकवता येतात. पॉवरला सोनी टीव्हीचं पॉवर शिकवा, आवाजाला यामाहाचा आवाज आणि सोर्सला यामाहाचं ते सीन बटण. टीव्हीचं पॉवर उलटसुलट होतं खरं, पण टीव्ही चालू आहे का बंद हे डोळ्यांना दिसतंच की. रिसीव्हरचं दिसत नाही, तिथंच सगळे फसतात.

शिकवताना ट्यूब आणि सीएफएल बंद करा, खिडकीचा पडदा ओढा. दोन्ही रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून, मध्ये दोन बोटांचं अंतर ठेवून, एका रेषेत. शिकवणाऱ्या रिमोटचं बटण टिचकीसारखं दाबा, धरून ठेवू नका. सेल नवे टाका, अर्धमेल्या सेलवर कोड अर्धवट उतरतो.

तुमच्या बॉक्सच्या रिमोटला ही सोय नसली तरच बाजारात जा आणि "लर्निंग" असं स्पष्ट लिहिलेला रिमोट मागा. नुसत्या कोडची यादी असलेला "युनिव्हर्सल" टीव्हीपुरता ठीक, यामाहा त्या यादीत सापडेलच असं नाही.

---

हुतात्मा_अपडाऊन (पुण्यात नोकरी, घर सोलापुरात)

सोल्डरगन यांचं बरोबर आहे, पण हार्मनीला इतक्यात बाद करू नका. माझ्याकडे आहे आणि अजून उत्तम चालतो. त्यात वस्तूंऐवजी "ॲक्टिव्हिटी" असतात. "टीव्ही बघा" दाबलं की कोणती वस्तू चालू केली, कोणती बंद, हे तो स्वतः लक्षात ठेवतो. काही चुकलं तर "हेल्प" दाबायचं, तो एकेक प्रश्न विचारून गाडी रुळावर आणतो. शिवाय सोनी टीव्हीला चालू आणि बंद यांचे वेगवेगळे इन्फ्रारेड कोड आहेत, जे सोबतच्या रिमोटच्या बटणांवर नसतात. हार्मनीच्या साठ्यात असले कोड मिळतात. २,७०,००० पेक्षा जास्त उपकरणांचा साठा असल्याचं कंपनी सांगायची. हब (रिमोटसोबतची वेगळी डबी) असलेलं मॉडेल असेल तर ते ब्लूटूथ बोलतं, म्हणजे फायर स्टिकही चालते. त्या पुण्याच्या माणसाला आधी एवढंच विचारा: हब आहे का? नुसता रिमोट असेल तर स्टिकपुरता तो निरुपयोगी.

जाता जाता एक आवडीची गोष्ट. ॲपलच्या स्टीव्ह वॉझ्नियाकने १९८७ साली असाच एक प्रोग्रॅमेबल रिमोट बाजारात आणला होता, नाव कोअर. म्हणजे हे दुखणं तेव्हापासूनचं.

---

सोल्डरगन

हार्मनी चांगला होता, वाद नाही. पण एप्रिल २०२१ मध्ये लॉजिटेकनं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं. सेटिंग करायचं तर त्यांच्या खात्यावर लॉगिन लागतं आणि कोडचा साठा त्यांच्या सर्व्हरवर. तुमच्यासारख्या ज्याच्याकडं आहे त्यानं जरूर वापरावा. पण आज नऊ हजार देऊन सेकंडहँड घ्यायचा आणि उद्या बॉक्स बदलला, तेव्हा तो सर्व्हर असेल याची हमी कोण देणार? आणि "हेल्प"चे प्रश्न इंग्रजीत येतात. सातच्या मालिकेला ते कोण वाचत बसणार?

ताई, ब्लास्टरचं राहिलं. ब्रॉडलिंकसारखे ब्लास्टर चांगले असतात, एसीसाठी मी स्वतः बसवतो. ते २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच जोडले जातात, एवढं राउटरमध्ये बघावं लागतं. पण बटणांचा फोन म्हटल्यावर तुमच्याकडं तो विषयच संपला. शिवाय अंधारात न बघता अंगठ्यानं सापडणारं बटण ॲपमध्ये नसतं.

---

पडदानशीन (सात रस्ता)

मध्येच घुसतोय, माफी. माझ्याकडे टीव्ही नाही, एप्सनचा प्रोजेक्टर आहे. लर्निंग रिमोटवर "सगळं बंद" अशी माळ लावलीय, तर रिसीव्हर बंद होतो पण प्रोजेक्टर चालूच राहतो. काय असेल?

---

सोल्डरगन

एप्सन बंद करताना "खरंच बंद करू का?" असं स्क्रीनवर विचारतो आणि पॉवर दुसऱ्यांदा दाबावं लागतं. माळेत पॉवर दोनदा टाका, मध्ये एखाद्या सेकंदाचं अंतर ठेवा. अंतर दिलं नाही तर दोन्ही एकच समजतो. आणि पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही. मे महिन्यात आपल्याकडं खोलीच भट्टी झालेली असते, त्यात गरम दिवा तसाच कोंडून ठेवू नका.

---

कडकभाकरी

मंडळी, अहवाल देते. रविवारी यांना कामाला लावलं.

वायर टीव्हीच्या चुकीच्या सॉकेटमध्ये होती, एआरसी लिहिलेल्यात लावली. सीईसी लगेच चालू झालं. टीव्हीच्या रिमोटने रिसीव्हरचा आवाज वाढताना बघून हे लहान पोरासारखे खूश. सीन बटण ठरवून झालं. टीव्ही चालू केला की गुगलचं पान येत होतं, ते सेटिंगमध्ये जाऊन शेवटच्या इनपुटवर येईल असं केलं. बॉक्सच्या रिमोटवर शिकवायची सोय निघाली. त्या बटणांना आजवर आम्ही शोभेची समजत होतो.

सासूबाईंना आता दोनच गोष्टी सांगितल्यात: लाल ठिपका दाबा, चित्र आलं की हिरवा ठिपका दाबा. सीन शिकवलेल्या सोर्सच्या बटणासाठी हिरवं नेलपेंट पुतणीकडून आणलं. सोमवारी क्लासमध्ये फोन आला, पण तो शेंगदाणे कुठे ठेवलेत हे विचारायला.

एकच अडचण. आवाजाचं बटण एकदा दाबलं की आवाज पाच-सहा पॉइंटने उडी मारतो. ते शिकवायचं काम यांनी केलंय, मी तेव्हा भाकऱ्या करत होते.

---

सोल्डरगन

साहेबांनी बटण दाबून धरलं असणार. बटण धरलं की रिमोट एकदा पूर्ण कोड सोडतो आणि मग "तेच पुन्हा, तेच पुन्हा" अशा छोट्या खुणा सोडत राहतो. बॉक्सच्या रिमोटनं त्या खुणांसकट सगळं उतरवून घेतलंय. फक्त आवाजाची दोन बटणं पुन्हा शिकवा, टिचकी मारून. बाकीच्यांना हात लावू नका.

यामाहाच्या सेटअपमध्ये "मॅक्स व्हॉल्यूम" पण आहे, तिथं मर्यादा घालून ठेवा. बटण चुकून दाबलं गेलं तर मागचे स्पीकर भिंतीवरून खाली यायचे नाहीत.

---

कडकभाकरी

झालं, आता एकेक पॉइंटने वाढतोय. मर्यादाही घातली. पुण्याच्या माणसाला नको म्हणून कळवलं. ब्लू-रेचा रिमोट यांनी बरणीतून काढून स्वतःच्या कपाटात ठेवलाय, त्यावर मी काही बोललेली नाही.