फुलबाजारात मराठी स्पीच रेकग्निशन गंडतंय, काय करू?

परळकर:
दादरच्या फुलबाजारातल्या काही गाळेवाल्यांसाठी बोलून हिशोब लिहायचं अ‍ॅप बनवतोय. "शेवंती साडेतीन किलो, एकशेवीसने" म्हटलं की नोंद पडली पाहिजे. घरी मस्त चालतं पण पहाटे बाजारात हातगाड्या, हमालांचं "ए बाजू बाजू", त्यात लोकलचा भोंगा, मग साडेतीनचं तीन होतं आणि कोणी बोलत नसताना पण वाक्यं उमटतात. नॉइज कॅन्सलेशन लावलं तर अजूनच बिघडलं. मोठं मॉडेल घेऊ का? लोकांच्या पैशाचा मामला आहे.

कुर्ला_लोकल:
आधी ते नॉइज कॅन्सलेशन काढ. ते माणसाच्या कानाला बरं वाटावं म्हणून असतं, साफसफाईत स, श, त असली व्यंजनं खाऊन टाकतं आणि मॉडेलने तसला धुतलेला आवाज शिकताना ऐकलेलाच नसतो. व्हिस्पर (ओपनएआयचं बोलण्याचा मजकूर करणारं मॉडेल) वापरतोयस का? ते ३० सेकंदांचे तुकडे घेतं, कमी पडलं तर पुढे शांतता भरतं आणि डिकोडर (त्यातला मजकूर लिहिणारा भाग) पुढचा शब्द अंदाजाने काढत जातो म्हणून रिकाम्या जागेत पण काहीबाही लिहितो. आधी सिलेरो व्हीएडी (कोणी बोलतंय की नाही ते ओळखणारं टूल) लाव, किंवा सरळ बटण दाबून बोलायला लाव, फोन तोंडाजवळ. अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, गोंगाट आहे तेवढाच राहतो. हे फुकटात मिळतंय रे, मोठं मॉडेल नंतर बघ.

माहीमची_मुलगी:
+१, आणि प्लीज नुसता वर्ड एरर रेट (चुकलेल्या शब्दांचं प्रमाण) बघू नका. "दादरला"चं "दादर ला" झालं तर दोन चुका धरतात, हिशोबाला काडीचा फरक नाही. साडेतीनचं तीन झालं तर एकच चूक, पण अर्धा किलोचे पैसे गेले ना कोणाचे तरी! फूल, वजन, भाव हे तिन्ही बरोबर आलेल्या नोंदी मोजा, त्या पण बाजारातल्याच रेकॉर्डिंगवर, परवानगी घेऊन, बायका, म्हातारी माणसं, बाहेरगावचे शेतकरी सगळ्यांचे आवाज हवेत. नुसता गोंगाटही रेकॉर्ड करा, साफ आवाजात कमीजास्त मिसळून त्यावर मॉडेल फाइन-ट्यून करा, म्हणजे थोडं अजून शिकवा. आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारतचं इंडिक कॉन्फॉर्मर (भारतीय भाषांसाठीचं स्पीच मॉडेल) पण ट्राय करा, त्यात मराठी आहे.

परळकर:
बटणाचं उद्याच करतो. भाव चुकीचा पकडला तर कसं कळणार पण?

कुर्ला_लोकल:
आकडा मोठ्या अक्षरात दाखव आणि बोलून पण दाखव, हात ओले असतात त्यांचे. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच यांची टेस्ट वेगळी ठेव. भाव कालच्या दुप्पट आला तर परत विचार, पण नोंद अडवू नको, दसऱ्याला झेंडू खरंच तेवढा चढतो.