पेनड्राइव्ह नाही, बूटफाईल तपासा

स्वस्त विंडोज टॅबवर पेनड्राइव्हनं लिनक्स टाकायच्या या चर्चेत वर एका भाऊनं लिहिलं की सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टीम सुरू होऊ न देणारं कुलूप) बंद करूनही टॅब पेनड्राइव्ह दाखवत नाही म्हणजे पेनड्राइव्हच खराब. सिक्युअर बूट बंद करायचं ते बरोबर, पण पेनड्राइव्ह फेकू नका राजेहो. अ‍ॅटम झेड३७३५एफवाल्या स्वस्त टॅबमधे गंमत अशी आहे की प्रोसेसर ६४ बिटचा पण आतलं यूईएफआय (टॅब चालू होताच आधी चालून सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम) ३२ बिटचं, ते पेनड्राइव्हवर बूटआयए३२.ईएफआय नावाची फाईल शोधते आणि बऱ्याच ६४ बिट आयएसओमधे (इन्स्टॉलसाठी पेनड्राइव्हवर टाकायची इमेज) फक्त बूटएक्स६४.ईएफआय असते, मग त्याला काही दिसणारच कसं. डेबियन या लिनक्सनं २०१५ मधे ८ व्या आवृत्तीपासून मल्टी-आर्च इमेजमधे (३२ आणि ६४ बिट दोन्ही एकत्र) याची सोय केली, मी तशीच मल्टी-आर्च इमेज वापरली आणि पहिल्याच फटक्यात मेनू आला.

दुसरी गोष्ट इथं कोणीच बोललं नाही ती चार्जिंगची. माझ्या टॅबला एकच मायक्रो यूएसबी, तिथं ओटीजी (टॅबला पेनड्राइव्हसारख्या वस्तू जोडायची वायर) लावून हबवर पेनड्राइव्ह, कीबोर्ड, माऊस जोडला की चार्जिंग बंद. आमच्या खेड्यात (यवतमाळ जिल्हा) लाइन कधी जाईल नेम नाही, मी ४० टक्क्यांवरच इन्स्टॉल सुरू केलं आणि डिस्कवर कॉपी होऊन राहिली तेवढ्यात टॅब बंद, विंडोज गेलं ते गेलंच, लिनक्सही अर्धवट. दुसऱ्या दिवशी पंपाची लाइन आली तेव्हा १०० टक्के करून मगच बसलो. अन् हो, वायफायची चिप आरटीएल८७२३बीएस असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१२ च्या आधीचं काही टाकू नका, ड्रायव्हर त्यातच पहिल्यांदा आला.