यूएसएस ग्वाडलकॅनाल : पाणबुडी ओढत असताना विमानं कशी उडवली?

दीपस्तंभ :
मंडळी, यूएसएस ग्वाडलकॅनाल (सीव्हीई-६०) या अमेरिकन एस्कॉर्ट कॅरियरच्या (ताफ्यांच्या रक्षणासाठीची छोटी विमानवाहू नौका) सेवाकाळाची टिपणं काढतोय. ४ जून १९४४ ला पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १५० मैलांवर तिच्या ताफ्याने यू-५०५ ही जर्मन पाणबुडी पकडली, इथवर सगळं जुळतं. अडतंय ते पुढे. एरवीही जेमतेम १९ नॉट (तासाला सुमारे ३५ किमी) पळणारं जहाज, त्यात मागे दोराला हजार टनांहून जड, अर्धी बुडालेली पाणबुडी. तरी डेकवरून विमानांची ये-जा चालूच होती. मग वारा आणला कुठून? पाणबुडी तोवर तळाला का गेली नाही? आणि अशा नौकेला वर्षअखेरीस प्रशिक्षणाच्या कामाला का जुंपलं?

सुकाणू :
वाऱ्याचं आधी. विमानाला जहाजाच्या वेगाशी थेट देणंघेणं नसतं. जहाजाचा वेग अधिक समोरचा वारा, ही बेरीज पुरेशी झाली की काम होतं. वारा जोराचा असेल तर जहाज सात-आठ नॉटवर असलं तरी निभावतं. वजनदार अॅव्हेंजर या बॉम्बफेकी विमानासाठी कॅटापल्ट, म्हणजे विमान पुढे झोकून देणारी यंत्रणा, होताच; वाइल्डकॅट हे लढाऊ विमान त्या मानाने हलकं. खरी कसोटी उतरताना लागते. डेक ४७७ फूट लांब आणि ८० फूट रुंद, आणि वारा कमी मिळाला की तेच विमान अडवणाऱ्या तारांवर जास्त वेगाने येऊन आदळतं. शिवाय वाऱ्यात तोंड करायला जहाज वळवलं की ओढदोरावर आडवा ताण येतो.

पण या वैमानिकांची तयारी आधीच झाली होती. १६ जानेवारी १९४४ ला त्यांनी यू-५४४ बुडवली ती सूर्यास्ताच्या जरा आधी. परत येईपर्यंत अंधार पडला, एक विमान डेकवर वेडंवाकडं अडकलं आणि मागच्यांना पाण्यात उतरावं लागलं. त्यानंतर नौकेचे कॅप्टन डॅनियल गॅलरी यांनी रात्रीच्या उड्डाणांचा ध्यास घेतला आणि एप्रिलमध्ये पौर्णिमेच्या चांदण्यात सुरुवात केली. पाणबुड्या रात्री वर येऊन बॅटऱ्या भरतात. रात्रीही आकाशात विमान असेल तर त्यांना ती उसंत मिळत नाही. ९ एप्रिलला यू-५१५ आणि १० ला पहाटे यू-६८ बुडाली. यू-५१५ पृष्ठभागावर आली, तिचे खलाशी बाहेर पडले, तेव्हाच गॅलरींच्या मनात आलं की पुढची पाणबुडी वर आली तर बुडवायची नाही, चढून ताब्यात घ्यायची. जूनच्या मोहिमेआधी विनाशिकांवर चढाईच्या तुकड्या ठरल्या होत्या त्या यामुळे. माझ्या मते या नौकेच्या सेवाकाळातला सगळ्यात महत्त्वाचा महिना एप्रिल आहे, जून नव्हे.

नांगर :
सुकाणू यांच्याशी सहमत. आता पाणबुडी का बुडाली नाही ते.

इंधन कमी झालं म्हणून ताफा कॅसाब्लांकाकडे निघाला होता, तेवढ्यात ताफ्यातल्या शॅटेलेन या विनाशिकेच्या सोनारवर (पाण्याखाली ध्वनीने शोध घेणारं यंत्र) यू-५०५ सापडली. वरून दोन वाइल्डकॅटनी पाण्यात गोळ्या झाडून तिची जागा दाखवली, शॅटेलेनने कमी खोलीवर फुटणारे डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे स्फोटक पिंप) टाकले. पाणबुडी वर आली, खलाशांनी उड्या मारल्या, पण मोटरी चालूच राहिल्या आणि सुकाणू उजवीकडे अडकलेलं, त्यामुळे ती गोल गोल फिरत होती. ताफ्यातल्याच पिल्सबरी या विनाशिकेच्या होडीतून लेफ्टनंट आल्बर्ट डेव्हिड आणि त्यांची तुकडी चढली. आत समुद्राच्या पाण्याच्या गाळणीचं झाकण काढून ठेवलेलं होतं आणि जाड धार लागली होती. झाकण शेजारीच सापडलं, ते परत बसवलं. ते फेकून दिलेलं असतं तर यू-५०५ त्या दुपारीच गेली असती.

पिल्सबरी बाजूला लागायला गेली तर पाणबुडीच्या आडव्या पंखाने तिचंच पोट फाडलं. म्हणून ग्वाडलकॅनालने स्वतः दोर बांधला. सुकाणू उजवीकडेच, त्यामुळे पाणबुडी सारखी उजवीकडे ओढ घ्यायची. रात्री सव्वा इंची तार तुटली, सकाळी सव्वादोन इंची लावली. मागच्या टॉर्पेडो खोलीच्या दाराला सुरुंग लावलाय असा संशय होता; गॅलरींनी स्वतः जाऊन ते उघडलं आणि आतल्या हाताने चालवायच्या यंत्रणेने सुकाणू सरळ केलं.

पण पंप चालवायला वीज हवी, आणि बॅटऱ्या मरत चाललेल्या. इथे ग्वाडलकॅनालचे इंजिनिअर अर्ल ट्रोसिनो यांचं डोकं चाललं. त्यांनी पाणबुडीची डिझेल इंजिनं प्रॉपेलरच्या शाफ्टपासून (दांड्यापासून) सोडवली आणि जहाजाला वेग वाढवायला सांगितलं. ओढताना पाण्याच्या जोराने प्रॉपेलर फिरले, त्यांनी मोटरी फिरवल्या, मोटरी जनित्रासारख्या चालल्या आणि बॅटऱ्या भरल्या. मग पाणबुडीच्याच पंपांनी पाणी उपसलं. ७ जूनला ॲबनाकी या टगने (जहाजं ओढणाऱ्या बोटीने) दोर घेतला आणि १९ जूनला सगळे बर्म्युडाला पोचले.

दीपस्तंभ :
बॅटऱ्यांचा प्रकार आता नीट समजला. पण जवळचं डाकार किंवा कॅसाब्लांका सोडून बर्म्युडा का?

सुकाणू :
गुप्ततेसाठी. त्या बंदरांत हेरांची भीती होती. पाणबुडीत एनिग्मा (जर्मनांची संदेश सांकेतिक करणारी) यंत्रं, सांकेतिक पुस्तकं आणि ध्वनीचा माग काढणारे टॉर्पेडो मिळाले होते. जर्मनांना सुगावा लागता तर त्यांनी संकेत बदलले असते आणि आधीपासून वाचले जाणारे संदेशही बंद पडले असते. म्हणून ताफ्यातल्या प्रत्येकाला तोंड बंद ठेवायला लावलं आणि पकडलेल्या जर्मन खलाशांना अमेरिकेतल्या लुइझियानात वेगळं ठेवलं. मात्र 'एनिग्मा पहिल्यांदा इथे मिळालं' असं टिपणात घालू नका. ब्रिटिशांनी मे १९४१ मध्येच यू-११० वरून ते मिळवलं होतं.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर तोवर श्नॉर्केल (पाण्याखालूनच हवा घ्यायची नळी) असलेल्या पाणबुड्या किनाऱ्यालगत पाण्याखालीच राहू लागल्या होत्या, भर समुद्रात शिकार कमी झाली. उलट पॅसिफिकसाठी डेकवर उतरायला शिकलेले वैमानिक भराभर हवे होते. नौका जुलै १९४६ मध्ये निवृत्त झाली, १९५९ मध्ये भंगारात गेली. यू-५०५ मात्र १९५४ पासून शिकागोच्या संग्रहालयात आहे.

नांगर :
जाता जाता, विमानवाहू नौका आणि सोबतच्या जहाजांनी मिळून पाणबुडी शोधायची ही पद्धत हिंदी महासागरातही चालली. ऑगस्ट १९४४ मध्ये शाह आणि बेगम या ब्रिटिश एस्कॉर्ट कॅरियरच्या ताफ्याने यू-१९८ चा माग काढला. १२ तारखेला सेशेल्सजवळ तिला बुडवलं ते फाइंडहॉर्न या फ्रिगेटने आणि आपल्या (तेव्हाच्या ब्रिटिश भारतातल्या नौदलाच्या) एचएमआयएस गोदावरीने. फाळणीत गोदावरी पाकिस्तानकडे गेली, तिथे तिचं नाव सिंध झालं.