वॉरियर विदिन खरंच फसला होता, की पहिल्या भागाने आपल्याला लाडावून ठेवलं होतं?

वाळूघड्याळ (धागाकर्ता)

भाचा बारावीला आहे. दिवाळीत आमच्याकडे आला तेव्हा माझ्या जुन्या हार्ड डिस्कवरून त्याने 'प्रिन्स ऑफ पर्शिया: वॉरियर विदिन' शोधून काढला. चार दिवस त्यात डोकं घालून बसला आणि पाचव्या दिवशी चिवडा खाता खाता म्हणाला, "मामा, हा तर पहिल्यापेक्षा भारी आहे की. तुम्ही लोक याच्या नावाने खडे का फोडता?" मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते मलाच पटलं नाही. म्हणून हा धागा.

खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. (रहस्यं फुटणार आहेत. वीस वर्षं उलटली, आता तक्रार ऐकली जाणार नाही.) युबीसॉफ्टच्या मॉन्ट्रिऑल स्टुडिओने २००३ मध्ये 'सँड्स ऑफ टाइम' काढला. १९८९ चा मूळ गेम ज्याचा, तो जॉर्डन मेकनर त्याच्या कथेला होता. राजपुत्र आणि त्याचा बाप एका हिंदुस्थानी महाराजाचा राजवाडा लुटतात, तिथली काळाची वाळू आणि खंजीर उचलतात. वजिराच्या नादी लागून राजपुत्र ती वाळू मोकळी करतो आणि सगळी माणसं राक्षस होतात. उरतात तो, वजीर आणि महाराजाची मुलगी फराह. समीक्षकांनी गेम डोक्यावर घेतला, परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर कन्सोलच्या आवृत्त्या नव्वदीपार गेल्या. विक्री मात्र सुरुवातीला कौतुकाच्या मानाने थंडच होती. मग वर्षभरात, नोव्हेंबर २००४ च्या अखेरीस, हा दुसरा भाग आला. मेकनर नाही, राजपुत्राचा आवाज बदललेला, दाढीचे खुंट, दोन हातांत दोन शस्त्रं, मागे गॉडस्मॅक या रॉक बँडच्या गिटारी. अमेरिकेत पहिल्याला किशोरवयीनांसाठीचं प्रमाणपत्र होतं, याला सतरा वर्षांवरच्यांचं मिळालं. गुण ऐंशीच्या घरात आले, आणि जवळपास प्रत्येक परीक्षणात एकच रडगाणं: आमचा राजपुत्र कुठे गेला?

माझं मत असं की रक्त आणि काळोखाबद्दल जी ओरड झाली ती वरवरची होती. खरं नुकसान वेगळंच आहे. पहिला गेम म्हणजे एक सांगितलेली गोष्ट होती. तुम्ही दरीत कोसळलात की निवेदक राजपुत्र स्वतःलाच अडवायचा, की छे, हे असं घडलं नव्हतं, परत सांगतो. म्हणजे तुमचं मरणसुद्धा सांगणाऱ्याची चूक! काळ मागे फिरवायची शक्ती आणि गोष्ट सांगायची पद्धत एकाच धाग्याने विणलेली. शेवटी कळतं की तो हे सगळं फराहलाच सांगत होता, आणि तिला त्यातलं काहीच आठवत नाही. दुसऱ्या भागात काळ मागे फिरवता येतो, पण सांगणारा कोणीच नाही. आपण मरतो आणि स्क्रीन काळी होते, बाकीच्या शंभर गेममध्ये होते तशी.

लढाई सुधारली हे मान्य. गेम वाईट आहे असं मी म्हणतच नाही, पण पुढचा भाग म्हणून तो फसला.

दहाकाचा शेजारी

साफ असहमत. भाच्याला माझा नमस्कार सांगा.

तुम्ही निवेदकासाठी रडताय, मी परिणामांबद्दल बोलतो. पहिल्या भागात राजपुत्राने काळ उलटा फिरवला, सगळं पूर्ववत केलं आणि गच्चीवरून उडी मारून निघून गेला. फुकटात! दुसरा भाग विचारतो, फुकटात कसं? वाळू मोकळी करणाऱ्याने मरायला हवं होतं, तो मेला नाही, म्हणून काळाचा पहारेकरी राक्षस दहाका सात वर्षं त्याच्या मागावर आहे. सात वर्षं झोप नसलेला माणूस शायरी करत फिरेल का? तो चिडका आहे, उद्धट आहे, कारण तो घाबरलेला आहे.

आणि कथेचं गणित बघा. तो काळाच्या बेटावर जातो ते वाळू जन्मालाच येऊ नये म्हणून. भूतकाळात शिरून सम्राज्ञीला मारतो, आणि तिच्याच देहातून वाळू तयार होते. ज्या गोष्टीपासून पळत होता ती त्यानेच घडवली. पुढे तो मुखवटा घालतो, वाळूचं भूत बनतो, आणि तेव्हा कळतं की गेमच्या सुरुवातीपासून आडून आडून दिसणारी ती काळी आकृती म्हणजे आपणच. तोच प्रसंग आपण दोन बाजूंनी जगतो. आणि त्या मुखवट्यात जीव सतत झिरपत असतो, काळ फिरवायला लागणारी वाळू मात्र आपोआप भरत जाते, म्हणजे खेळायची पद्धतच उलटी होते. सांगा, निवेदक ठेवून हे जमलं असतं? "तेव्हा मी मला पाहिलं" असं आधीच सांगून टाकलं असतं त्याने.

अर्धचंद्र

दोघांचंही ऐकलं. एक साधी गोष्ट कोणीच बोलत नाही म्हणून लिहिते.

गेम सुरू होतो जहाजावर. शहादी, पहिली मोठी शत्रू, पडद्यावर येते, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आधी कुठे कुठे रेंगाळतो ते आठवा. चिलखत म्हणून तिला जे दिलंय त्याने सर्दीसुद्धा अडणार नाही. मी तेव्हा अकरावीत होते, शेजारी धाकटा भाऊ बसला होता, आणि मी मॉनिटरच बंद केला.

आता फराह आठवा. ती भिंतींच्या फटींतून सरकून पलीकडे जायची, दारं उघडून द्यायची, लांबून बाण मारायची, मधेच राजपुत्राची टर उडवायची. तिच्याशिवाय गेम पुढेच सरकत नव्हता. कैलीनाला, म्हणजे त्या सम्राज्ञीला, मोनिका बेलुच्चीचा आवाज दिला, पण माणूस म्हणून वागवायला शेवट उजाडावा लागला. "अंधारी कथा" हवी असेल तर खुशाल करा, पण अंधाराचा आणि या कपड्यांचा संबंध काय?

दहाकाचा शेजारी

ताई, शहादीबाबत बचाव नाही. तो कॅमेरा लाज आणणाराच होता.

जुनी सीडी

तुम्ही सगळे मेटाक्रिटिकवर बोलताय. नाशिकला आमच्या नेटकॅफेत मेटाक्रिटिक कोणाला माहीत होतं? तासाला वीस रुपये, तिसऱ्या मशीनवर वॉरियर विदिन टाकलेला, पहिला भाग कोणी पाहिलेलाही नाही. आमच्यासाठी राजपुत्र म्हणजे हाच. दहाका मागे लागला, गिटार सुरू झाली की अख्खं कॅफे खुर्च्या सरकवून आमच्या मागे उभं. "पाण्याकडे पळ, पाण्याकडे!" पाण्याच्या पडद्यापलीकडे त्याला येता येत नाही, हे ज्याला माहीत तो त्या दिवसाचा राजा. मी तीन आठवडे पैसे साठवून अर्ध्यापर्यंत पोचलो, आणि कॅफेवाल्याने मशीन फॉरमॅट मारलं. सेव्ह गेली. अजून दुखतं.

सँड्स ऑफ टाइम मी नंतर, २००९ ला खेळलो. छान आहे. पण लढाई काय ती! तोच शत्रू पाडा, वर जाऊन खंजीर खुपसा, पुढचा पाडा, खंजीर खुपसा. वॉरियर विदिनमध्ये मेलेल्याचं हत्यार उचलून दुसऱ्यावर फेका, खांबाला गिरकी घालून वार करा. हात थांबत नव्हते.

अहिमणी

थोडं अवांतर, पण मुद्द्याला धरून. माझं बालपण दादरच्या पारशी कॉलनीच्या कडेने गेलं, त्यामुळे दहाका हे नाव ऐकून कान टवकारले होते. पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तात, अझी दहाक हा तीन तोंडांचा नाग आहे. अझी म्हणजे आपला संस्कृतातला अहि. फिरदौसीच्या शाहनाम्यात, इराणी राजांच्या महाकाव्यात, तोच झह्हाक नावाचा राजा होतो, खांद्यांतून दोन साप उगवलेला, आणि शेवटी दमावंद डोंगरात जखडून ठेवला जातो. इतका मालमसाला समोर असताना गेममध्ये काय? शिंगं असलेला एक काळा राक्षस, पोटातून निघणाऱ्या सोंडा आणि काळाची पहारेदारी. नागपण गेलं, जखडणं गेलं, नाव तेवढं उरलं.

पहिल्या भागात उलट होतं. फराहला आईने शिकवलेला गुप्त शब्द आठवतो का? काकोलुकिया. ऐकताच पंचतंत्रातलं काकोलूकीय आठवतं, कावळ्या-घुबडांचं वैर. हिंदुस्थानी राजकन्येच्या तोंडी तो शब्द शोभतो. ज्याने लिहिलं त्याने वाचलेलं दिसतं. दुसऱ्या भागात इराण फक्त नावापुरता आहे, कमानी सोडल्या तर ते बेट कुठेही असू शकलं असतं. माझी तक्रार रक्ताबद्दल नाही, ही आहे.

बगवाला

मी गेम टेस्टिंगमध्ये सात वर्षं काढलीत (कुठे ते विचारू नका), म्हणून कोरड्या बाजूने.

एका वर्षात इतका मोठा पुढचा भाग निघतो तेव्हा कुठेतरी काटकसर होतेच. इथे ती नकाशात दिसते. तेच बेट, तेच दोन मनोरे, एक बागेचा आणि एक यंत्रांचा. एकदा पडक्या वर्तमानात, एकदा शाबूत भूतकाळात. कल्पना सुंदर आहे: इकडे कोसळलेला पूल तिकडे उभा असतो. पण मधला चौक इतक्या वेळा ओलांडायला लावलाय की सुंदर कल्पनेचा पाय मोडतो. शिवाय आवाज गायब होणं, सेव्हचे घोटाळे हे परीक्षणांतही आले होते. तरी गुण ऐंशीच्या घरात, कारण भिंतीवरून पळणं आणि लढणं हे हाताला पक्कं लागायचं, आणि परीक्षक शेवटी हाताने गुण देतो, तक्रार तोंडाने करतो. वाळूघड्याळ यांना परीक्षणं वाचून गेम फसल्यासारखा वाटतो आणि आकडे बघून नाही, त्याचं कारण हेच.

मेकनरने पुढे जाहीरपणे सांगितलं की ती कलात्मक दिशा आणि हिंसा त्याला रुचली नाही. त्यानेही गेम वाईट बांधलाय असं म्हटलं नव्हतं.

वाळूघड्याळ

@बगवाला, "हाताने गुण, तोंडाने तक्रार" हे पटलं. माझ्या धाग्यातली गफलत तुम्ही नेमकी पकडलीत.

@दहाकाचा शेजारी, भुताचा प्रसंग हा माझ्याही मते संपूर्ण मालिकेतला सर्वांत हुशार तुकडा आहे. पण परिणामांचं म्हणाल, तर परिणाम दाखवायला माणूसच बदलावा लागतो का? पहिल्यातला राजपुत्र शेवटाला खजील होता, स्वतःच्या घमेंडीवर हसू शकत होता. सात वर्षांत तो थकेल, भ्रमिष्ट होईल, गप्प होईल. हा नुसता ओरडतो. आणि कंपनीलाही हे कळलं असावं. २००५ च्या तिसऱ्या भागात, 'टू थ्रोन्स'मध्ये त्यांनी जुना आवाज, युरी लोवेन्थाल, परत आणला, फराह आणली, आणि निवेदनही आणलं, तेही कैलीनाच्या तोंडून! उद्धटपणा सगळा वेगळा काढून त्याचा 'डार्क प्रिन्स' केला. चूक नव्हती तर ही दुरुस्ती कशाला?

दहाकाचा शेजारी

दुरुस्ती नव्हे, ओरडा ऐकून घेतलेली माघार. टू थ्रोन्स सगळ्यांना आवडेल असा केला, आणि म्हणून आज कोणाला फारसा आठवत नाही. लोक भांडतात ते वॉरियर विदिनवर. हा धागाच बघा.

अर्धचंद्र

भांडण होतं म्हणजे चांगला, हा काय न्याय? आमच्या सोसायटीच्या पार्किंगवरही दर रविवारी भांडण होतं.

जुनी सीडी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

पुणेरी वाळू

एक आठवण करून देतो. सप्टेंबर २०२० मध्ये सँड्स ऑफ टाइमच्या रीमेकची घोषणा झाली तेव्हा काम युबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. ट्रेलर आल्या आल्या जगभरातून ग्राफिक्सवर तुटून पडले. तारीख पुढे ढकलली, परत ढकलली आणि २०२२ मध्ये काम मॉन्ट्रिऑलकडे गेलं. त्या वेळी मराठी गटांतसुद्धा "आपल्याकडे हे जमत नाही" वगैरे सुरू होतं. तेव्हा कोणी म्हटलं नाही की बाबांनो, मॉन्ट्रिऑलनेही २००४ मध्ये पुढचा भाग घाईत काढून शिव्या खाल्ल्या होत्या. त्यांना सुधारायला तिसरा भाग मिळाला, इथल्या पोरांना ट्रेलरच्या पलीकडे जायलाच मिळालं नाही.

बगवाला

+१. यावर मला जास्त बोलता येणार नाही, पण +१.

अहिमणी

वाळूघड्याळ, एक विचारायचं राहिलं. भाच्याने शेवट कुठला पाहिला? जीव वाढवायच्या नऊच्या नऊ जागा सापडल्या तरच पाण्याची तलवार मिळते, शेवटची लढाई दहाकाशी होते आणि कैलीना वाचते. नाही सापडल्या तर कैलीनाला मारावं लागतं. तिसरा भाग पहिल्या शेवटाला धरून सुरू होतो. म्हणजे ज्यांनी सरळ खेळून संपवला, त्यांनी मालिकेच्या हिशोबाने न घडलेली गोष्ट पाहिली. माझ्या मते या गेमवरचा सर्वांत मोठा आक्षेप हाच असायला हवा.

वाळूघड्याळ

आत्ता फोन करून विचारलं. सहा सापडल्या होत्या. कैलीनाला मारलं म्हणाला, "वाईट वाटलं पण पर्याय नव्हता." पर्याय होता हे सांगितल्यावर दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "म्हणजे माझं असं घडलंच नव्हतं?"

हे त्याने न ठरवता म्हटलं, पहिला भाग त्याने अर्धवटच सोडलाय.

आता मधली एक सेव्ह उघडून त्याच दोन मनोऱ्यांत उरलेल्या तीन जागा शोधत फिरतोय. तोच चौक, तेच हेलपाटे, आणि तक्रार नाही. दर दहा मिनिटांनी मला फोन. मला एकही जागा आठवत नाही. कोणाकडे तेव्हाचा वहीत काढलेला नकाशा असेल तर फोटो टाका. सोमवारी त्याची चाचणी आहे, आणि ताईला यातलं काही माहीत नाही.