मदत हवी आहे: हॉरर शॉर्टफिल्मसाठी पांढरी साडी, रक्त आणि जुना वाडा (अर्जंट)

तळघर_सांगली
नमस्कार. शनिवार-रविवार शूट आहे आणि अजून काहीच जमलेलं नाही. भुतासाठी पांढरी साडी सांगली-मिरजेत भाड्याने कुठं मिळेल, रक्त घरी कसं करायचं आणि वाडा जुना दिसायला काय करायचं, एवढंच सांगा. यूट्यूब बघून झालंय, तिथं सगळे अमेरिकेतल्या वस्तू सांगतात. बजेट कमी आहे. प्लीज लवकर.

कृष्णाकाठ
कमी म्हणजे किती? पाचशे की पन्नास हजार? शूट दिवसा की रात्री? भूत कुठलं?

तळघर_सांगली
भूत म्हणजे भूत. बाई आहे. रात्री.

पिंपळपार
असं कसं "भूत म्हणजे भूत"? हडळ वेगळी, जखीण वेगळी, आसरा वेगळ्या. माझं ऐका, मुंजा घ्या. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोरगा, पिंपळावर बसतो. लंगोटी, जानवं, शेंडी. कपड्यांचा खर्च शून्य!

तळघर_सांगली
काका, हिरॉईन ठरलेली आहे. तिला लंगोटी कशी नेसवू.

कपडेपट_मिरज
पांढरी साडी नकोच. मी पंधरा वर्षं हौशी नाटकांचा कपडेपट सांभाळतोय. रात्री लाईट मारला की पांढरं सगळं फटफटतं, मोबाईलवर तर नुसता चमकता गोळा दिसतो. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा, मळकट रंग येतो. आणि एकसारख्या दोन साड्या लागतील, एक रक्ताची आणि एक बिनरक्ताची. हे सगळे विसरतात आणि दुसऱ्या टेकला डोक्याला हात लावून बसतात. भाड्याने हवी तर ड्रेपरीवाल्याला विचारा, पण रक्त लागणार हे आधी सांगा, नाहीतर डिपॉझिट गेलं समजा.

गोड_रक्त
रक्ताचं माझ्याकडून घ्या. बेकरीचं सामान मिळतं तिथून लिक्विड ग्लुकोज, त्यात खायचा लाल रंग, चिमूटभर कोको. फार लालभडक झालं तर निळ्या रंगाचा एक थेंब. तोंडातून ओघळलं तरी चालतं.

कृष्णाकाठ
चालतं की. पण मुंग्या येतात. आमच्या शूटला प्रेत उठून पळालं होतं.

ड्रोनवाला
सुरुवातीला वाड्याचा ड्रोन शॉट घ्याच. माझ्याकडे आहे, रेट डीएम करा.

कपडेपट_मिरज
ड्रोन कुणी विचारला? @तळघर, गोष्ट काय आहे ते सांग बाबा. गोष्ट कळल्याशिवाय कपडे ठरत नसतात.

तळघर_सांगली
सस्पेन्स फुटेल म्हणून सांगत नव्हतो. १९७२ साल. जतकडचा वाडा आहे, मित्राच्या आजोबांचा. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलगी विहिरीत बुडून मरते. ती भिजलेली येते, पदरातून पाणी ठिबकतंय. भिंतीला जुनं कालनिर्णय लावणार आहोत, रद्दीत मिळालंय.

सुकडी_खाल्लेला
पोरा, जतला बहात्तर साली विहिरीत पाणी होतं कुठं बुडायला? दुष्काळ होता तो. आम्ही खडी फोडायच्या कामावर जायचो, खायला सुकडी म्हणजे कोरडं तयार खाणं मिळायचं, लाल मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या. ती भाकरी थंड झाली की दगड. प्यायच्या पाण्याला कोसभर जायचं, आणि तुझी नवरी बुडतीय.

कृष्णाकाठ
😂 आणि कालनिर्णय सुरूच १९७३ साली झालं. ते लावलंस तर पहिला प्रेक्षक तिथंच हसेल.

तळघर_सांगली
मग काय करू आता??? नदीतून येते असं दाखवू का, इथंच सांगलीत कृष्णेच्या घाटावर?

कृष्णाकाठ
रात्री पाण्यात उतरू नका. कृष्णेत मगरी आहेत, ही काय नवीन बातमी नाही.

सुकडी_खाल्लेला
अरे कोरड्या विहिरीत पडली असं कर की. तसंच व्हायचं. कॅलेंडरच्या जागी मिलोचं पोतं ठेव कोपऱ्यात, नुसता रिकामा हंडा आडवा टाक. मला तेवढं बघून पण भीती वाटेल.

हळदबाजार
मी कधीची वाट बघतोय कुणीतरी म्हणेल म्हणून. लग्नाच्या आदल्या दिवशी मेली ना? मग तिच्या अंगावर हळदीची साडी असणार. पांढरी कुठून आली? पिक्चरमधून!

आता ऐका. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, वापरा की ती. जुनी सुती साडी हळदीच्या पाण्यात बुडवा, सावलीत वाळवा, उन्हात रंग उडतो. कंदिलाच्या उजेडात ती जवळपास पांढरीच दिसते. मग कॅमेरा चालू असताना धुण्याच्या सोड्याचं पाणी मागून फवारा. जिथं थेंब पडेल तिथं लाल डाग उमलतो. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, तोच प्रकार. लिंबाचं पाणी मारलं की परत पिवळं, दुसऱ्या टेकला तयार. तुमचं ग्लुकोज हे करून दाखवेल का?

गोड_रक्त
साडीत होईल. चेहऱ्यावरून ओघळायला काय, सोड्याचं पाणी पाजणार का पोरीला? आणि खायच्या सोड्याने मी करून बघितलंय, नुसतं नारिंगी होतं.

हळदबाजार
म्हणूनच धुण्याचा सोडा म्हटलं. खायचा सोडा फिका पडतो.

कपडेपट_मिरज
दोघांचंही घ्या, भांडू नका. साडीला हळद, तोंडाला ग्लुकोज. पण धुण्याचा सोडा कातडीला झोंबतो. पोरीला आत जाड परकर आणि पूर्ण बाह्यांचं पोलकं द्या, साडीखाली प्लास्टिक बांधा, तोंडाकडे फवारू नका. लिंबू मारल्यावर साडी वाळायला वेळ लागतो, टेक लागोपाठ घेता येणार नाहीत. आणि निळा लाईट लावू नका, निळ्यात लाल काळं दिसतं, सगळी मेहनत पाण्यात. कंदीलच ठेवा. साडी नऊवारी. काष्टा असला की पळता येतं, पण नेसवायला एखादी आजी धरून आणा.

पिंपळपार
मुंज्याला यातलं काहीच लागलं नसतं.

नेपथ्य_हौशी
वाड्याचं कुणीच बोललं नाही. खिळे ठोकू नका, मालक परत दारात उभं करणार नाही. एलईडी बल्ब आणि पांढरी बटणं झाका. जळमटाला कापूस नको, गोळे होतात. उशीतला फायबर विस्कटून ताणा. धुळीला मुलतानी माती, फडक्यात बांधून झटका. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच सांगलीत सीतास्वयंवर उभं केलं, तेव्हा कुठलं फॉग मशीन होतं?

कृष्णाकाठ
नाट्यपंढरीचं भाषण राहिलंच होतं. @तळघर, कोयता वगैरे आहे का? असला तर सनबोर्डचा, त्या हलक्या फोमशीटचा, करा, खरा घेऊन रात्री फिरू नका. आणि गावच्या पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा. मध्यरात्री रक्ताने माखलेली नवरी रस्त्यावर दिसली तर लोक आधी मारतील, मग विचारतील.

तळघर_सांगली
कोयता आहे. सनबोर्डचा करतो. आज घरी साडीच्या तुकड्यावर हळद करून बघितली. डाग एकदम लाल आला, वाळल्यावर तपकिरी झाला, खऱ्या रक्तासारखा!! लिंबाने परत पिवळाही झाला. थँक्यू काका.

एकच प्रॉब्लेम आहे. तो तुकडा आईच्या ठेवणीतल्या साडीचा निघाला. पानाच्या डबीतला चुनासुद्धा मीच संपवला असं तिचं म्हणणं आहे. नऊवारी नेसवणारी आजी कुणाच्या ओळखीत आहे का, जत रोडला, शनिवारी संध्याकाळी? आमची आता येत नाही म्हणतीय.

ड्रोनवाला
रेट कमी करून देतो.