वर्फ कंपाइल होत नाहीये, सोमवारपर्यंत चालू करायचंय – मदत हवी आहे

गोंधळी_गणू
नमस्कार मंडळी. डब्ल्यूआरएफ (म्हणजे वर्फ, हवामानाचा अंदाज काढणारं मॉडेल) इन्स्टॉल करतोय. कॉन्फिगर नीट होतं. कंपाइल लावलं की बराच वेळ फिरतं आणि शेवटी 'प्रॉब्लेम्स बिल्डिंग एक्झिक्युटेबल्स' म्हणून गप्प. फोल्डरमध्ये एकही ईएक्सई (चालवता येणारी फाइल) नाही. नेटवर जे जे सापडलं ते सगळं करून झालंय. सोमवारी गाइडना मुंबईच्या २६ जुलैच्या पावसाची केस निदान सुरू झालेली दाखवायची आहे. कृपया 'मॅन्युअल वाचा' असं सांगू नका, वाचलंय. लवकर सांगा प्लीज.

टर्मिनल_तात्या
ऑपरेटिंग सिस्टीम कुठली? कंपायलर कुठला, कितवी आवृत्ती? वर्फ कितवं? कॉन्फिगरला कोणता आकडा दिलात? आणि शेवटी काय म्हणतं ते नको, पहिला एरर हवा. शेवटची ओळ सगळ्यांची सारखीच असते.

गोंधळी_गणू
लिनक्सच आहे, दुसरं काय असणार. ३४ आणि मग १ दिलं. लॉग प्रचंड मोठा आहे, इथे मावणार नाही.

पेंग्विनपंथी
'लिनक्स' म्हणजे उबंटू असेल तर तिथेच घोळ आहे. आर्च लिनक्स टाका, सगळं ताजं मिळतं. मी गेली कित्येक वर्षं दुसरं काही वापरलेलं नाही.

टर्मिनल_तात्या
ताजं मिळतं म्हणूनच जुनं फोरट्रान तिथे पहिल्यांदा मोडतं. जीफोरट्रान (फोरट्रानचा जीएनयूवाला कंपायलर) १० आलं तेव्हा आर्चवालेच सगळ्यात आधी रडत आले होते.
गणू, अख्खा लॉग कोणी मागितला? ग्रेप (शब्द शोधायची कमांड) लावून 'एरर' आणि 'अनडिफाइन्ड' हे दोन शब्द शोधा आणि पहिल्या चार ओळी द्या. वर्फची कंपाइल स्क्रिप्ट मेकला 'आय' फ्लॅग देते, म्हणजे एरर आला तरी गाडी पुढे रेटायची. त्यामुळे खरी मोडतोड पहिल्या काही मिनिटांत झालेली असते आणि तुम्हाला कळतं ते पार शेवटी.

कोंडोबा
एवढा खटाटोप कशाला? कोंडाचं (पॅकेज मॅनेजरचं) नवीन एन्व्हायर्नमेंट करा, नेटसीडीएफ-फोरट्रान (वर्फच्या डेटा फाइलींची लायब्ररी) एका ओळीत येतं, अनेक कोअरवर चालवायला लागणारं एमपीआयपण येतं. पाच मिनिटांचं काम.

आर्द्रा_नक्षत्र
कोंडोबा, इथेच निम्मी मुलं अडकतात हो. कोंडा चालू असलं की एमपीआयएफ९० आणि एनएफ-कॉन्फिग कोंडाचे उचलले जातात, जीसीसी (सी कंपायलर) मात्र सिस्टीमचं. आउटपुटचे नकाशे काढायला कोंडा उत्तम, मीही वापरते. वर्फ बांधताना आधी डिअ‍ॅक्टिव्हेट करावं.

कोंडोबा
माझ्याकडे चालतंय.

आर्द्रा_नक्षत्र
कारण तुमचा कंपायलरही कोंडाचाच असणार.

कोंडोबा
हो मग? तेच तर सांगतोय ना मी!

गोंधळी_गणू
भांडू नका, माझं बघा. विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स), त्यात उबंटू २२.०४. जीफोरट्रान ११. वर्फ ४.४. कोंडा नाहीये. ग्रेप केलं. पहिली ओळ डिफवर्फ नावाच्या कशाच्या तरी लिंकिंगची आहे: 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू _इंटेल_फास्ट_मेमसीपीवाय'. पुढे अशाच ढीगभर ओळी. पण माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचाच प्रोसेसर आहे, मग इंटेलचं त्याला सापडत का नाही?

रिकामटेकडा
म्हणूनच मी सगळ्यांना रायझेन घ्यायला सांगतो. त्याच पैशात कोअर जास्त मिळतात. पुढच्या वेळी घेताना आधी इथे विचारा.

आर्द्रा_नक्षत्र
प्रोसेसरचा काही संबंध नाही. हे नाव इंटेलच्या कंपायलरसोबत येणाऱ्या लायब्ररीतलं आहे. म्हणजे तुमचं नेटसीडीएफ इंटेलच्या कंपायलरने बांधलेलं आहे आणि जोडताय तुम्ही जीफोरट्रानने. ते नेटसीडीएफ आलं कुठून? तुम्ही बांधलंत का?

गोंधळी_गणू
नाही, लायब्ररीजचा अख्खा फोल्डर सीनियरने दिला. कॉलेजच्या सर्व्हरवरून उचललेला आहे. झेडलिब, एचडीएफ५, नेटसीडीएफ, जॅस्पर सगळं आहे त्यात. त्याच्याकडे मस्त चालतं. हेही सांगायचं असतं का?

टर्मिनल_तात्या
हेच सांगायचं असतं.
सर्व्हरवर आयफोर्ट आणि आयसीसी हे इंटेलचे कंपायलर, तुमच्याकडे जीएनयू. सी लायब्ररी एकवेळ निभावून जाईल, पण फोरट्रानची मॉड फाइल ज्या कंपायलरने बनवली त्यालाच वाचता येते. एसटीचा पास लोकलमध्ये दाखवून चालत नाही. खात्री करायची असेल तर त्या फोल्डरच्या इन्क्लूडमध्ये जा आणि नेटसीडीएफ डॉट मॉडवर झेडकॅट चालवा. जीफोरट्रानची मॉड फाइल म्हणजे जीझिप केलेला साधा मजकूर असतो, पहिल्याच ओळीत 'जीफोरट्रान मॉड्यूल व्हर्जन १५' असं काहीतरी दिसतं. नाही दिसलं तर फोल्डर उडवा.

गोंधळी_गणू
'नॉट इन जीझिप फॉरमॅट' म्हणतं.

टर्मिनल_तात्या
मग उडवा. सगळं सोर्सपासून बांधा: झेडलिब, एचडीएफ५, मग नेटसीडीएफ-सी, मग नेटसीडीएफ-फोरट्रान. क्रम हाच. शेवटच्या दोघांना प्रीफिक्स एकच द्या, वर्फ दोन्ही एकाच जागी शोधतं.

आर्द्रा_नक्षत्र
तात्या, मुलाला सोमवारी दाखवायचंय. उबंटूचं तयार नेटसीडीएफ जीफोरट्राननेच बांधलेलं असतं, ते का नको? गणू, असं कर. एपीटीने (उबंटूच्या पॅकेज मॅनेजरने) लिबनेटसीडीएफ-डेव्ह आणि लिबनेटसीडीएफएफ-डेव्ह टाक. दुसऱ्यात एफ दोनदा आहे, तो फोरट्रानचा. घोळ एवढाच की वर्फला एकाच फोल्डरखाली इन्क्लूड आणि लिब लागतात आणि उबंटू लायब्ररी ठेवतं युएसआर-लिबच्या आत 'एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू' नावाच्या फोल्डरमध्ये. म्हणून होममध्ये रिकामा फोल्डर कर, त्यात 'इन्क्लूड' नावाची लिंक युएसआर-इन्क्लूडकडे आणि 'लिब' नावाची लिंक त्या लांबलचक नावाच्या फोल्डरकडे. नेटसीडीएफ व्हेरिएबल या नव्या फोल्डरला लाव.
आणि बॅशआरसीमध्ये सीनियरच्या ओळी असतील त्या काढ, विशेषतः एलडी लायब्ररी पाथची. नवं टर्मिनल उघड, 'क्लीन मायनस ए' दे, पुन्हा कॉन्फिगर कर. नुसतं क्लीन पुरत नाही, जुनी कॉन्फिगर फाइल तशीच राहते.

टर्मिनल_तात्या
चालेल, पण ही पळवाट आहे. उद्या उबंटू अपग्रेड केलं की माझी आठवण येईल.

पेंग्विनपंथी
आर्चला अशा लिंका कराव्याच लागत नाहीत, सगळं युएसआर-लिबमध्येच असतं.

टर्मिनल_तात्या
बरं.

जुना_बोका
२६ जुलै म्हणजे २००५ चाच ना? त्या दिवशी मी ऑफिसमधून निघून दादरहून घाटकोपरला चालत गेलो होतो, सायनला पाणी छातीपर्यंत. आणि आमच्या कुलाब्याच्या मेव्हण्याला खरंच वाटेना, कारण तिकडे जेमतेम पाऊस. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७३! हे कॉम्प्युटरला आधी का कळलं नाही, कोणी सांगेल का?

आर्द्रा_नक्षत्र
काका, थोडक्यात सांगते. ही दोन ठिकाणं वीस-पंचवीस किलोमीटरवर. तेव्हाच्या जागतिक मॉडेलांचा चौकोनच त्याहून मोठा असायचा, त्यामुळे दोघांना मिळून एकच आकडा. म्हणून तर लोक वर्फमध्ये ३ किलोमीटरचं ग्रिड लावून ही केस पुन्हा पुन्हा चालवतात. तरीही पाऊस नेमका सांताक्रूझवर पडेलच असं नाही. बऱ्याचदा किती पडतो ते जवळपास येतं आणि जागा सरकते.

रिकामटेकडा
पुण्यात आयआयटीएमला (हवामान संशोधन संस्थेला) सुपरकॉम्प्युटर आहे की. लॅपटॉपवर कशाला करायचं हे?

टर्मिनल_तात्या
हो, एमएस्सीच्या पोराला देतीलच ना लगेच चावी.

गोंधळी_गणू
ताई, झालं!! वर्फ, रिअल, एनडाउन, टीसी चारही ईएक्सई आल्या. आता डब्ल्यूपीएस (वर्फसाठी डेटा तयार करणारा भाग) अडलंय. त्यातलं अनग्रिब बनत नाही, जॅस्पर लायब्ररी मागतंय. एपीटीत लिबजॅस्पर शोधलं तर नाहीच. सीनियरच्या फोल्डरमधलं जॅस्पर तेवढं वापरू का?

टर्मिनल_तात्या
अजून उडवला नाहीत तो फोल्डर?

पेंग्विनपंथी
आर्चमध्ये जॅस्पर आहे. बोलत नाही आता काही.

कोंडोबा
कोंडामध्येही आहे :)

आर्द्रा_नक्षत्र
उबंटूने जॅस्पर काढून टाकून खूप वर्षं झाली. डब्ल्यूपीएस ४.४ पासून कॉन्फिगरला 'बिल्ड-ग्रिब२-लिब्ज' हा पर्याय दिला की ते स्वतः बांधून घेतं. पण आधी सांग, सुरुवातीच्या हवामानाचा डेटा कुठला घेतोयस? अमेरिकेचा एफएनएल की युरोपचा ईआरए५?

गोंधळी_गणू
एफएनएल. पाव अंशाच्या ग्रिडचा घ्यायचा होता, पण २००५ चा मिळत नाहीये. लिंक मेली आहे का?

आर्द्रा_नक्षत्र
लिंक ठीक आहे. पाव अंशाचा संच सुरूच २०१५ च्या जुलैत होतो. २००५ साठी एक अंशाचा घे. आणि तो २००७ च्या अखेरपर्यंत ग्रिब१ या जुन्या फाइल फॉरमॅटमध्ये आहे, त्याला जॅस्पर लागतच नाही! डब्ल्यूपीएस कॉन्फिगर करताना जीफोरट्रानखालचा 'सीरियल, नो ग्रिब२' हा आकडा निवड आणि पुढे जा. व्हीटेबल (डेटातून काय वाचायचं त्याची यादी) जीएफएसचं लिंक कर.

टर्मिनल_तात्या
हे मलाही सुचलं नव्हतं. +१.

गोंधळी_गणू
मेटग्रिडपर्यंत (डब्ल्यूपीएसच्या शेवटच्या पायरीपर्यंत) सगळं चाललं. आता रिअल म्हणतं नम_मेटग्रिड_लेव्हल्स (डेटातले उंचीचे थर) जुळत नाहीत. मी ३४ ठेवलंय, युट्यूबवर तेच होतं. आणि वर्फ सेगमेंटेशन फॉल्ट देतं अशी सगळीकडे बोंब आहे, त्याचं आधीच सांगून ठेवा.

टर्मिनल_तात्या
युट्यूबवाल्याचा डेटा वेगळा, तुमचा वेगळा. मेटग्रिडने बनवलेल्या मेट_ईएम फाइलवर एनसीडम्प लावा, हेडरमध्ये आकडा लिहिलेला असतो. या डेटाला बहुतेक २७ येईल. सेगफॉल्टसाठी वर्फ चालवायच्या आधी 'युलिमिट मायनस एस अनलिमिटेड'. तरीही पडलं तर टाइम स्टेप बघा: बाहेरच्या ग्रिडच्या किलोमीटरची सहापट, त्याहून जास्त सेकंद नकोत. घाट मध्ये आला की त्याहूनही कमी करावी लागते.

गोंधळी_गणू
२७ च होते. रिअल झालं, वर्फ सुरू आहे. आरएसएल फाइलला टेल लावून बसलोय, 'टायमिंग फॉर मेन'च्या ओळी येतायत. २७, ९ आणि ३ किलोमीटरचे तीन डोमेन (एकात एक ग्रिड) आहेत. पण या वेगाने सोमवारी संध्याकाळीसुद्धा संपणार नाही. मीटिंग सकाळी आहे.

आर्द्रा_नक्षत्र
मॅक्स_डोम (किती डोमेन चालवायचे) २ कर. ३ किलोमीटरचं तिसरं डोमेन एकटंच जवळजवळ सगळा वेळ खातंय. मेटग्रिडच्या फाइली तशाच चालतील, फक्त रिअल पुन्हा चालव. सोमवारी ९ किलोमीटरचा नकाशा दाखव आणि आतलं डोमेन डिपार्टमेंटच्या मशीनवर चालवायची परवानगी तिथेच मागून घे.

रिकामटेकडा
आणि कोअर किती आहेत म्हणालास लॅपटॉपला?