इंटर्नशिप संपली, आता रिपोर्टात लिहू काय?

सेलूचा_पोरगा

नमस्कार मंडळी, जर्नालिझमच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव सेलू, जिल्हा परभणी. संभाजीनगरात कंपन्यांच्या बातम्या पेपरात छापून आणणाऱ्या एका पीआर एजन्सीत दोन महिने इंटर्नशिप केली, परवा संपली. आता डिपार्टमेंटला 20 पानांचा रिपोर्ट द्यायचाय आन मी तीन दिवस झाले पहिल्याच पानावर अडकून बसलोय. खरं सांगायचं तर मी दोन महिने कात्रणं काढली. सकाळी साडेसातला ई-पेपर उघडायचे, क्लायंटचं नाव कुठं आलंय ते हुडकायचं, कापायचं, मग पेपर, आवृत्ती, पान, किती कॉलम किती सेंटिमीटर हे सगळं एक्सेलमधी भरायचं. दुपारनंतर फोन, "सर प्रेसनोट मिळाली का", अर्धे लोक तर हॅलो म्हणायच्या आतच कट करतेत.

एकच गोष्ट डोक्यातून जाईना. एका बियाणं कंपनीची प्रेसनोट मुंबईहून इंग्रजीत आली, कुणीतरी ती ट्रान्सलेटरमधून काढली आन त्यात गुलाबी बोंडअळीचं झालं "गुलाबी कृमी". मी म्हणलं, सर आमच्या घरी कापूस असतो, 2017 ला याच अळीनं आमचं सगळं रान खाल्लं होतं, हिला कृमी कुणीच म्हणत नाही. तर टीम लीडर म्हणले क्लायंटनं अप्रूव्ह केलंय, आता हात लावू नको. तशीच गेली. तासाभरात तालुक्याच्या एका पत्रकाराचा फोन, "भाऊ, कृमी लेकराच्या पोटात होतेत, कापसावर अळी पडती." मी सॉरी म्हणून फोन ठेवला, चूक माझी नव्हती तरी.

हे रिपोर्टात लिहावं का? आन एजन्सीनं नोकरीचं पण विचारलंय, जावं का?

लातूरची_ताई

कात्रणं काढली म्हणून लाजायलास कामून? मी 9 वर्षं झाली या कामात, आता पुण्यात असते, माझेही पहिले चार महिने कात्रणातच गेले. तेव्हा पेपर खरंच कात्रीनं कापायचो, बोटं काळी व्हायची आणि डिंकानं कागद चिकटून बसायचे. पण तुझ्या त्या एक्सेलमध्ये एक शेवटचा कॉलम असेल बघ, रुपयांचा. बातमीची जागा गुणिले जाहिरातीचा दर, कुठं कुठं तर वरून तिप्पट करतात, का तर म्हणे बातमीवर लोकांचा विश्वास जास्त. याला एव्हीई म्हणतात. 2010 ला बार्सिलोनात पीआरवाल्यांच्याच परिषदेत ठरलं की ही काही कामाची किंमत नव्हे, तरी क्लायंटला आकडा दिसल्याशिवाय बिल पास होत नाही म्हणून ते अजून चालूच आहे. रिपोर्टात हे लिही, सर खूश होतील. कृमीचं पण लिही, फक्त नावं नको.

तालुका_वार्ताहर

मी फोनच्या दुसऱ्या टोकाला असतो म्हणून बोलतो. भाऊ, तुमच्या एजन्स्या प्रेसनोट पीडीएफमधी कामून पाठवतेत? ती कॉपी केली की काना एकीकडं, वेलांटी एकीकडं, मग अख्खी नोट मी परत टाइप करायची, तेही मोबाईलवर. साधा मजकूर व्हॉट्सॲपला टाका. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर छापून आल्यावर सायबाच्या तोंडाचा नुसता डाग दिसतो, आन फोटोत डावीकडून कोण कोण हे लिहीत चला, आम्ही काय सगळ्यांना ओळखतो का. जिल्ह्याचं पान संध्याकाळी लवकर लागतं, तुमची नोट येती सहाला आन सव्वासहाला फोन, मिळाली का!! दुसरी गोष्ट, आम्हाला दिवाळी, 15 ऑगस्टला जाहिरातीचं टार्गेट असतं. तुमचा क्लायंट वर्षभर फुकट बातमी मागतो आन जाहिरातीला मुंबईकडं बोट दाखवतो. हे कुण्या कॉलेजात शिकवतेत का सांगा.

निवांत_माणूस

20 पानं? फॉन्ट 16 कर, मधी मधी कात्रणांचे फोटो टाक. वाचतंय कोण.

सेलूचा_पोरगा

ताई, तो रुपयांचा कॉलम मीच भरत होतो की, दराचा तक्ता दिला होता त्यांनी, कशाला ते विचारलंच नाही. वार्ताहर दादा, पीडीएफचं माझ्याकडून पण झालंय, माफी.

काल रात्री तुमचं वाचून जुनं एक्सेल उघडलं. ती कृमीवाली नोट 11 जणांना गेली होती, छापून आली चार ठिकाणी. मी तेव्हा नुसती मापं घेतली होती, वाचलं नव्हतं. आता वाचलं तर तिघांनी आपल्या मनानं बोंडअळी करून टाकलंय, एकानं तर सुरुवातच बदलून कंपनीचं नाव तिसऱ्या ओळीत ढकललंय. चौथ्यात कृमी जशीच्या तशी, पण ती तीन कॉलम, फोटोसहित, म्हणून क्लायंटच्या महिन्याच्या रिपोर्टात तीच सगळ्यात वर लावली होती. मीच लावली होती.

ही चारी कात्रणं रिपोर्टला जोडू का, कंपनीचं नाव काळं करून?

लातूरची_ताई

जोड की. आणि नोकरीला हो म्हणायच्या आधी हे सांग, दोन महिन्यांचा स्टायपेंड मिळाला का?

सेलूचा_पोरगा

एका महिन्याचा आलाय. दुसऱ्याचं म्हणतेत क्लायंटचं पेमेंट अडकलंय.

तालुका_वार्ताहर

घ्या. आम्हाला पण हेच सांगतेत.